गुलाबी गोळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, वाळलेली, कागदावर टाके घालून बसवलेली समुद्रवनस्पती आहे. तुम्ही मला शेवाळ म्हणाल. म्हणा बापडे. पण हौदाच्या कडेला जे हिरवं बुळबुळीत साचतं आणि ज्यावरून तुमचा पाय घसरतो, त्याच्या रांगेत मला उभं करू नका. मला नाव आहे, हॅलिमेडा. जीभ अडखळली तर दोनदा म्हणा, जमेल.

माझा मुक्काम जालन्यातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात आहे. वरून दुसरा कप्पा. खिडकीतून मला कडुलिंबाची एक फांदी आणि पाण्याच्या टाकीचा पाय दिसतो. समुद्र इथून कुठल्याही दिशेला निघालात तरी सापडायला दिवस लागतो. मला इथं येऊन एकोणतीस वर्षं झाली.

माझी गोष्ट सांगायला बसले खरी, पण ती माझी एकटीची नाही. माझ्या शेजारी कापसाच्या गादीवर एक गुलाबी गोळा असायचा. लिंबाएवढा, खडबडीत. तो आता नाही. तो कसा गेला हे मी समोर बसून पाहिलं आणि मला तोंड नसल्यामुळे काही करता आलं नाही. ते तेव्हापासून माझ्या जिवाला लागून राहिलं आहे. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म रामेश्वरच्या बाजूच्या समुद्रात झाला, किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या एका प्रवाळभिंतीवर. प्रवाळ म्हणजे पोवळी. एवढेएवढे जीव एकमेकांना धरून राहतात, चुन्याची घरं बांधतात आणि त्या घरांचा डोंगर होतो. लोक येतात, पोवळ्यांचे रंग बघतात, वाहवा करतात. आमच्याकडे कोणी बघत नाही. अहो, पण त्या डोंगरावर आम्ही किती जणी होतो म्हणून सांगू.

मी स्वतः दिसायला बांधावरच्या फड्या निवडुंगासारखी होते, फक्त काटे नाहीत आणि प्रत्येक फडं तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. फड्याला फडं जोडून माझी माळ वाढायची. नवं फडं आधी पांढरं यायचं आणि ऊन पाण्यात उतरलं की हिरवं व्हायचं. माझ्या अंगात चुना असतो. आमच्यातलं कोणी मेलं की फडी गळून पडतात, पांढरी पडतात, त्यांचा चुरा होतो. बेटांवरच्या ज्या पांढऱ्या वाळूवर तुम्ही अनवाणी चालता ना, तिच्यात आमच्या आज्या-पणज्या असतात. एवढं सांगितल्यावर कोणी मला शेवाळ म्हणून नाक मुरडलं तर राग येणार की नाही?

माझ्या खालच्या अंगाला मोरपंखी राहायची. तिचं शास्त्रातलं नाव पडायना. हातपंख्यासारखी गोल आणि अंगावर चुन्याचे पट्टे, भारी नखरेल. वरच्या कपारीत द्राक्षाच्या घोसासारखी एक होती, तिच्यात बारकी खेकडी लपायची. पलीकडे सरगॅसम, उंच, पिवळट, अंगभर हवेचे फुगे लावून सरळ उभी. माशांची पिल्लं तिच्या झाडीत वाढायची. लाल रंगाच्या कितीतरी होत्या, केसांसारख्या बारीक, लेससारख्या कापलेल्या. आम्ही उन्हावर अन्न तयार करायचो आणि मासे, शंख, काटेरी समुद्री साळू, कासवं येऊन खायचे. पोपटमासा तर सकाळपासून आमचे लचके तोडायचा. आम्हाला त्याचा फार राग यायचा.

आता कळतं, तो होता म्हणून सगळं ठीक होतं. कारण आमच्यातही खोट आहे, ती लपवत नाही. आम्हाला खाणारे मासे माणसांनी काढून नेले, वर शेतातून खताचं पाणी आलं, की आम्ही मोकाट सुटतो. पोवळ्यांवर चढतो, त्यांचं ऊन अडवतो, त्यांना गुदमरून टाकतो. शहागडच्या पुलाखालून गोदावरीचं पाणी जातं ना, तेही शेवटी कुठल्या तरी समुद्रातच जातं. आवरणारं कोणी नसलं की बिघडायला वेळ लागत नाही.

या सगळ्या गर्दीत सगळ्यात कमी बोलणारा म्हणजे गुलाबी लेप. तोही आमच्यातलाच, वनस्पतीच. पण हाताला दगड लागतो. तो खडकावर पसरतो, तुटक्या पोवळ्यांच्या फटीत शिरतो आणि सगळं एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवतो. तो नसेल तर लाटा दोन वर्षांत डोंगराचा ढिगारा करतील. पोवळ्याची बाळं पाण्यात तरंगत असतात, त्यांना बसायला जागा हवी असते. ती त्याचाच वास शोधत येतात आणि त्याच्यावर बसतात. मग तिथं नवं पोवळं वाढतं. याची त्यानं कधी बढाई मारली नाही, म्हणून मी मारते.

त्याच्यातलेच काही खडकाला न चिकटता मोकळे वाढतात. लाटा त्यांना लोळवतात आणि ते सगळ्या बाजूंनी गोल होत जातात, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. आमचा गोळा त्यातला. लिंबाएवढा व्हायला त्याला तीस वर्षं लागली होती. त्याच्या पोटात थरावर थर होते. ज्या वर्षी समुद्र तापला त्या वर्षीचा थर वेगळा, निवलेल्या वर्षीचा वेगळा. ज्याला वाचता येतं त्याला ते वाचता येतं. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा.

एका डिसेंबरात दोन दिवस वारं सुटलं. मी मुळापासून उखडले आणि भरतीनं मला वाळूवर आणून टाकलं. पलीकडे गोळाही येऊन पडला होता. आम्हाला वाटलं, संपलं. तेवढ्यात बारा-पंधरा पोरापोरींचा घोळका आला. जालन्याच्या कॉलेजची सहल होती आणि त्यातल्या एकानंही त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. पुढे त्यांच्या मॅडम होत्या, बेबीनंदा मॅडम. रोज बदनापूरहून रेल्वेनं जालन्याला येऊन शिकवायच्या. ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत.

"समुद्रातलं काही तोडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं आपणहून बाहेर टाकलंय तेवढंच उचला." आता तर तिथून काहीच उचलायला परवानगी लागते. तेव्हा तसं नव्हतं, पण त्यांचा त्यांनाच धाक होता.

तातेराव नावाच्या एका पोरानं मला उचललं, हुंगलं आणि विचारलं, "म्याडम, म्हशी खात्यात का हे?" सगळे हसले. माझा असा अपमान त्याआधी कोणी केला नव्हता. पण पोरगं चांगलं होतं. त्यानं मला ओल्या फडक्यात गुंडाळून नीट नेलं.

पुढचं काम मॅडमनी धर्मशाळेच्या ओट्यावर केलं. एका परातीत समुद्राचं पाणी घेतलं, त्यात मला सोडलं आणि खालून जाड कागद सरकवून मला अलगद वर उचललं. फडी बोटांनी एकेक करून पसरली. वर जुन्या धोतराचं फडकं, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर दोन फळ्या आणि पट्टे. रोज कागद बदलायचे, ओले काढून कोरडे घालायचे. पोरांनी वाळूवरून उचललेल्या मोरपंखी, सरगॅसम आणि लाल वनस्पतीही अशाच कागदांवर आल्या. जालन्याला येईपर्यंत मी पापडासारखी झाले होते. चुन्याच्या अंगाला डिंक धरत नाही, म्हणून मॅडमनी मला हिरव्या दोऱ्यानं सात टाके घातले. गोळ्याला कापसावर बसवला. सगळ्यांच्या खाली चिठ्ठ्या लावल्या, नाव, जागा, तारीख, कोणी गोळा केलं ते. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात.

पहिली काही वर्षं आमचा काय मान होता. प्रत्येक नव्या वर्गाला कपाट उघडून दाखवलं जायचं. मॅडम म्हणायच्या, "जालन्यात बसून समुद्र बघताय, उगं समजू नका." मग पुस्तकं बदलली, पडद्यावर चित्रं आली. कपाट उघडणं कमी होत गेलं. शेवटी ते उघडणारी एकच उरली, नूरबी.

नूरबी प्रयोगशाळेची शिपाई. मस्तगडला राहायची आणि चालत यायची. आमच्यानंतर दोन-तीन वर्षांनी नोकरीला लागली. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक. दर शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून आली की ती कपाट उघडायची. मऊ फडक्यानं काच पुसायची, कापूस बदलायची, कोपऱ्यात कडुलिंबाचा वाळला पाला ठेवायची. माझ्या कागदाला हात लावताना श्वास धरायची. माझ्या अंगावरून एवढ्या हळू हात फिरवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तरी तिनं मला सांभाळलं.

जालन्याचं बोअरचं पाणी तुम्हाला माहीत असेल. बादलीत ठेवा, तोटीतून वाहू द्या, जिथं लागेल तिथं पांढरा क्षार धरतो. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, बेसिन, सगळ्यावर पांढरी खपली. नूरबी त्यावर एकच उपाय करायची, ऍसिड. थोडं ओतलं की फस्स करून फेस यायचा, खपली विरघळायची आणि खालची काच लख्ख निघायची. फेस आला की तिचा चेहरा खुलायचा. "निघून राह्यली घाण," ती स्वतःशीच म्हणायची. त्या प्रयोगशाळेत तिच्याएवढी काच कोणी चमकवली नाही.

तिची लेक आसिफा. शाळा सुटली की इथंच यायची आणि टेबलाच्या टोकाला बसून अभ्यास करायची. घरी त्या उर्दू बोलत, पण इथं नूरबी तिच्याशी मराठीच बोलायची. पोरीला परीक्षेत अडायला नको, म्हणून. तिसरीत असताना आसिफानं गोळ्याकडे बोट दाखवलं. "अम्मी, तो गुलाबी दगड दे ना."

मॅडमनी ऐकलं. त्यांनी पोरीला स्टुलावर बसवलं, भिंग दिलं आणि सांगितलं, "दगड न्हाई बाळा. झाड हाय ते. समुद्रातलं." मग आमची सगळी हकिकत सांगितली, वाळूची, चिकटवण्याची, पोवळ्याच्या बाळांची. पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. नूरबी तेव्हा मागं बेसिनवर बाटल्या धूत होती, नळ चालू होता. तिला कोणी स्टूल दिलं नाही. मलाही त्या वेळी त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

आसिफा मोठी झाली. त्याच बाकांवर पदवी घेतली आणि पुढं समुद्राच्या संशोधनाला दक्षिणेत गेली. बेबीनंदा मॅडम निवृत्त झाल्या आणि करोनाच्या साथीत गेल्या. ती बातमी नूरबीनं कपाट पुसता पुसता मलाच सांगितली. दुसरं कोणी नव्हतं तिथं.

मागच्या दिवाळीत आसिफा आली होती. कपाटासमोर उभी राहून पोरांना सांगत होती. जिथून आम्ही आलो, तो प्रवाळाचा तुकडा आता मेला आहे. समुद्र लागोपाठ तापला, पोवळी पांढरी पडली, मग गाळ बसला. गुलाबी लेपही सुकला. वर आता नुसतं केसाळ हिरवं वाढतं. मी कागदावर शिवलेली होते म्हणून, नाहीतर कोसळून पडले असते. मोरपंखी, सरगॅसम, माझ्या बहिणी, तो मेला पोपटमासा. कोणी नाही.

तेव्हाच तिला गोळ्याचं महत्त्व कळलं. तिच्या कामात त्या जागेचा जुना पुरावा कुठंच मिळत नव्हता. इथं मात्र मॅडमच्या अक्षरात जागा आणि तारीख लिहिलेला, पोटात तीस वर्षांचे थर असलेला गोळा कापसावर बसून होता. तो कापून वाचला तर समुद्र आधी कसा होता आणि कधी बिघडू लागला, हे सांगता येणार होतं. तीन वर्षांचं तिचं काम त्याच्यावर येऊन थांबलं होतं. कॉलेजची परवानगी यायला सहा महिने गेले.

परवानगी आली तो शनिवार होता. नूरबीच्या निवृत्तीला बारा दिवस राहिले होते. तिनं फोन कपाटाच्या फळीवर ठेवून, आवाज मोठा करून घेतला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अम्मी, मी उद्या निघते. सोमवारी कॉलेजात येते. तो गुलाबी दगड नेणार आहे मी."

"दगड? येवढ्या लांबून दगडासाठी येऊन राह्यलीस?"

"फार कामाचा आहे तो. जपून ठेव हां."

"मी न्हाई जपणार तर कोण जपंल? ठेव फोन. डबा खा टायमावर."

एवढंच. जपून ठेव म्हणजे कसं, हे आसिफानं सांगितलं नाही. तिला निघायच्या तयारीची घाई होती. आणि आईशी बोलताना ती अजून दगडच म्हणायची. लहानपणापासूनची सवय, समजवायला सोपं.

नूरबीनं गोळा हातात घेतला आणि खिडकीपाशी नेला. एकोणतीस वर्षांत त्याचा गुलाबी रंग उडाला होता. वर पांढुरकी, राखाडी खडबडीत खपली आली होती. तिनं नखानं खरवडून पाहिलं.

"पार क्षार धरलाय," ती म्हणाली. "पोरगी येवढी शिकली, अन् तिच्या हातात असा घाणेरडा देऊ का? वरचं निघालं की आतून गुलाबी निघंल."

मित्रांनो, मी तेव्हा काय काय केलं असतं. मी फड्याफड्यानं गळून तिच्या पायावर पडायला तयार होते. पण कागदावर शिवलेल्या वनस्पतीला काय करता येतं?

तिनं बेसिनखालचा निळा टब काढला. गोळा त्यात ठेवला, इतका हळू की टबाला आवाज झाला नाही. मग ऍसिडची बाटली उघडली.

फेस आला. कधीच आला नव्हता एवढा आला. नूरबी खूश झाली. तिच्या सगळ्या नोकरीनं तिला हेच शिकवलं होतं, फेस म्हणजे घाण निघते. "किती घाण हाय गं बाई," ती म्हणाली आणि अजून ओतलं. गोळ्यातून बारीक बुडबुडे वर येत होते, एकसारखे. पहिला गेला तो सर्वांत वरचा थर, मॅडमच्या सहलीच्या वर्षाचा. मग त्याच्या आधीचं वर्ष, मग त्याच्या आधीचं. तीस वर्षं त्यानं जी लिहिली ती माझ्यासमोर पुसली जात होती. तो पूर्वीसारखाच गप्प होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, आणि ती प्रेमानं ओतत होती.

"राहू दे सोमवारपर्यंत. बराबर निघंल," असं म्हणून तिनं टबावर फळी झाकली. लेकीसाठी शेवयांचं सामान आणायचं होतं. ती कुलूप लावून गेली. रविवारभर त्या फळीखालून मला काही ऐकू आलं नाही.

सोमवारी दोघी बरोबर आल्या. आसिफानं एक छोटी पेटी आणली होती, आत स्पंज कापून गोल जागा केलेली. तिनं थेट कपाटाकडे पाहिलं. कापूस रिकामा होता.

"अम्मी, कुठं आहे?"

"टबात हाय. तू हात नको लावू, ऍसिड हाय. थांब, चिमट्यानं काढते." नूरबीनं फळी काढली. तिचा चेहरा हसरा होता. तिला लेकीचा चेहरा बघायचा होता.

पाणी गढूळ, पांढुरकं होतं. नूरबीनं चिमटा घातला, टबाच्या एका बाजूनं फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं. "हितंच ठिवल्ता," ती म्हणाली. पुन्हा फिरवला. चिमट्याला सायीसारखी एक फिकट, पातळ कातडी लागली आणि घसरून परत पाण्यात गेली. ती शोधतच राहिली. टब वाकडा करून बघितला. कोपऱ्याकोपऱ्यातून चिमटा नेला. शेवटी आसिफानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे, अम्मी."

"अगं, येवढा मोठा दगड. जाईल कुठं?"

"दगड नव्हता तो." आसिफाचा आवाज चढला. "झाड होतं ते. चुन्याचं झाड. विरघळलं सगळं. माझं तीन वर्षांचं काम होतं त्यात, अम्मी. ऍसिडात कसं काय टाकलंस तू?"

नूरबी टबाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "झाड व्हतं?"

"हो."

"तू कधी सांगितलं न्हाई."

आसिफानं देशभरच्या लोकांना या चुन्याच्या झाडांबद्दल सांगितलं होतं. मोठमोठ्या सभांत, पडद्यावर चित्रं लावून. मागच्या दिवाळीत याच खोलीत पोरांना तासभर सांगितलं होतं, तेव्हा नूरबी बाहेर चहाचे कप विसळत होती. आसिफा भिंतीला टेकून फरशीवर बसली आणि तोंडावर ओढणी घेतली.

नूरबी तिच्यासमोर उकिडवी बसली. "ऐक ना बेटा. मी थेंबबी सांडू दिला न्हाई. जे काय हाय ते यातच हाय. तुमच्याकडं मशिनी असत्यात. परत गोळा न्हाई का व्हणार?"

"नाही होत, अम्मी."

"बिलकुल न्हाई?"

आसिफानं मान हलवली. नूरबीनं टबाच्या कडेला दोन्ही हात ठेवले होते, कोणी तो ओढून नेईल अशा भीतीनं. बाहेर तास सुरू झाल्याची घंटा झाली. कोणी आत आलं नाही.

मग आसिफा उठली. तिनं भिंगाच्या टेबलाजवळचं स्टूल आणलं, आईला दंडाला धरून उठवलं आणि त्यावर बसवलं. कपाट उघडलं आणि आमचे कागद एकेक करून तिच्या मांडीवर ठेवले. ही मोरपंखी. ही सरगॅसम, हे हवेचे फुगे, हे असे फुटतात. ही लाल. सव्वीस वर्षं पुसलेल्या गोष्टींची नावं नूरबी पहिल्यांदा ऐकत होती. प्रत्येक नावाला ती मान डोलवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पाणी कागदावर पडू नये म्हणून ती मान मागं घेत होती.

शेवटी माझी पाळी आली. "ही हॅलिमेडा," आसिफा म्हणाली. "हिच्यापासून वाळू होते."

नूरबीनं माझ्याकडे बघितलं. तिचं बोट माझ्या टाक्यावर होतं. "ही बी चुन्याची?"

"हो."

"ही बी ऍसिडात जाती?"

"जाते, अम्मी."

तिनं बोट उचललं. दोन्ही हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि पाठीमागं नेले.

त्यानंतरच्या शुक्रवारी कपाट उघडलं गेलं नाही. पुढच्या आठवड्यात तिचा सत्कार झाला, शाल, नारळ, भाषणं. सगळं झाल्यावर ती एकटी प्रयोगशाळेत आली. काचेपाशी उभी राहिली, पण हात मागंच होते. नव्या बाईला तिनं सांगितलं, "यांना काय करायचं ते आसिफाला इचारून करत जा. फोन लिहून ठिवलाय." आणि गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गोष्टी शेवटी तुम्हाला सांगतात की आमची काळजी घ्या. मी ते कोणत्या तोंडानं सांगू? तिनं काळजीच घेतली होती. तिच्याइतकी कोणी घेतली नव्हती. चूक झाली ती आधी, नळ चालू असताना, एकीला स्टूल दिलं आणि दुसरीला दिलं नाही तेव्हा. मॅडमची झाली, आसिफाची झाली. तुमच्या घरात, शाळेत जे कोणी तुमच्या वस्तू पुसून जागेवर ठेवतं, त्याला त्या काय आहेत ते सांगा. बसवून सांगा, त्याच्या बोलीत सांगा. समुद्राचंही तसंच आहे. जो त्याच्या काठी राबतो त्याला कोणी काही सांगत नाही, आणि बिघडल्यावर त्यालाच विचारतात, कसं काय केलंस.

आसिफाचं काम अर्धवटच लिहिलं गेलं, असं ऐकते. ती आईला दर आठवड्याला फोन करते, हेही ऐकते. नवी बाई भली आहे, पण तिला वेळ नसतो. काचेवर धूळ बसली आहे आणि आतला पाला केव्हाचा झडून गेला. दर शुक्रवारी दुपार उलटली की मी दाराकडे बघते. मला नूरबीचा राग येत नाही. मला ती हवी आहे.